ओसाड गावची पाटीलकी: गाव उठतं कशानं, आणि परत बसत नाही ते कशानं?

रानजाई:

आमच्या आजोळच्या शिवारात एक टेकाड आहे. टेकडी त्याला कुणी म्हणत नाही, 'पांढरी' म्हणतात. श्रीगोंद्याकडचा भाग, ज्वारीचं काळं रान. त्या काळ्यात मधेच राखेच्या रंगाचा उंचवटा, वर बाभळी, आणि एका कडेला शेंदूर फासलेला मारुती. देऊळ नाही, नुसता चौथरा. लहानपणी तिथे बोरं वेचायला जायचो तेव्हा बोरांपेक्षा खापरंच जास्त सापडायची. काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळायचे. एकदा जात्याची अर्धी तळी सापडली, ती आजीनं घरी आणू दिली नाही. "दुसऱ्याच्या संसाराचं आहे ते, ठेव तिथंच," म्हणाली.

मोठी झाल्यावर वारसनोंदीच्या कामासाठी मामांबरोबर तलाठ्याकडे गेले, तेव्हा कळलं की त्या पांढरीला अजून नाव आहे. स्वतंत्र मौजे आहे, स्वतःचे गट नंबर आहेत, सातबारे निघतात, सारा भरला जातो. राहत मात्र एकही माणूस नाही. शेजारच्या गावची माणसं येऊन ती जमीन कसतात. जुन्या दप्तरात अशा गावाला शब्द आहे, बेचिराख. त्यात आपल्याला 'राख' ऐकू येते म्हणून आपण तो जाळपोळीला वापरतो. मूळ फारसी शब्द बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४३ हजारांहून अधिक गावं नोंदली आहेत, आणि त्यातल्या अडीच हजारांहून अधिक गावांत वस्ती नाही. म्हणजे आमची पांढरी एकटी नाही.

हे गाव का उठलं, असं तिघांना विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. थोरले मामा म्हणाले, प्लेग. शेजारचे एक म्हातारे म्हणाले, पेंढारी. आजी म्हणायची, बारवेचं पाणी गेलं. मला तिन्ही खरी वाटतात, आणि म्हणूनच एकही पुरेशी वाटत नाही. प्लेग आला तो काय वेस बघून आला? पेंढारी आले ते शेजारचं गाव सोडून पुढे गेले? दुष्काळ तर सगळ्या परगण्यावर पडतो. मग शेजारचं गाव आजही नांदतं आहे आणि हेच का गेलं?

दोन-तीन वर्षं मिळेल ते वाचते आहे. त्यातून माझं एक मत झालंय, ते इथे मांडते. चुकत असेल तर सांगा.

गाव उठणं ही आपल्याकडे नवलाईची गोष्ट नव्हतीच. गावं सतत उठत होती. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात, मग खेड्यापाड्यांत. घरात उंदीर पडायला लागले की अख्खं गाव बाहेर पडायचं. माळावर, मळ्यात झोपड्या घालून चार-सहा महिने काढायचं आणि साथ सरली की घरं सारवून परत आत. गाव सहा महिने रिकामं, तरी ते बेचिराख नाही. त्याच्या आधी १६३०–३२ चा दुष्काळ बघा. दख्खन आणि गुजरात असा सलग पट्टा होरपळला. देहूत तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, ते त्यांनी स्वतःच सांगितलंय. पण देहू आजही आहे. १८०२–०३ ला पुण्याभोवती होळकरांच्या फौजांनी मुलूख जाळला, पाठोपाठ दुष्काळ आला, गावंच्या गावं मोकळी झाली. त्यातलीही बरीच पुन्हा वसली.

तेव्हा 'माणसं का गेली' हा प्रश्न मला अर्धाच वाटतो. जीव वाचवायला माणूस जाणारच. खरा प्रश्न, ती परत का आली नाहीत?

परत यायला काय लागतं ते बघा. बैल लागतो. दुष्काळात बैल माणसाच्या आधी मरतो, नाहीतर कवडीमोलानं विकला जातो. बियाणं लागतं, आणि ते तर खाऊन संपलेलं असतं. पाणी लागतं. सुतार, लोहार, चांभार लागतात, कारण नांगराचा फाळ शेवटायला, म्हणजे त्याचं टोक पुन्हा घडवायला, लोहार नसेल तर चार घरं आली तरी शेती होत नाही. आणि चार घरांच्या बलुत्यावर लोहाराचं पोट भरत नाही, म्हणून तो येत नाही. लोहार नाही म्हणून पाचवं घर येत नाही. हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे. यातली एखादी गाठ निसटली तर माणसं सोईरीकीच्या, मामाच्या गावी जी थांबतात ती तिथलीच होतात. पहिल्या पिढीत 'आमचं गाव तिकडे' म्हणतात, दुसरीत नुसतं आडनाव उरतं.

आणखी एक. रयत नेहमी हतबल होऊनच गेली असंही नाही. सारा पेलेना, वसुली करणारा कमाविसदार ऐकेना, तर गावानं मिळून उठून जायचं, शेजारच्या मुलखात जाऊन बसायचं, ही बोलणी करण्याचीही एक रीत होती. 'परागंदा होणे' हा शब्द कागदोपत्री इतक्या वेळा येतो तो त्यामुळेच. तेव्हा जमीन भरपूर आणि हात कमी, त्यामुळे सरकारला माणसांची गरज जास्त. मग सरकार कौल, म्हणजे अभयाचं वचन, देऊन माणसं परत बोलवायचं. पण समजा कौल आलाच नाही तर? किंवा ज्या मुलखात गेले तिथला कौल जास्त गोड निघाला तर?

आमच्या पांढरीचं असंच काही झालं असावं असं मला वाटतं. तुमच्याकडे काय झालं?


मोडीवाचक:

धागा आवडला. कौलाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, तुमचा मुद्दा खरं तर तिथेच पक्का होतो.

कौल म्हणजे सरकारचं अभयाचं वचन. 'मागची बाकी विचारणार नाही, तुम्ही येऊन जमीन लावा' असा त्याचा अर्थ. सोबत इस्तावा. म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा वाढवून, असं चढत चढत काही वर्षांनी पुरा दर. बैलाला, बियाण्याला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज. रानजाईताई, तुम्ही ज्या गाठी सांगितल्या त्या बांधायच्याच या युक्त्या होत्या.

सगळ्यात जुनं उदाहरण दुर्गादेवीच्या दुष्काळानंतरचं. तो १३९६ च्या सुमारास सुरू झाला आणि बारा वर्षं चालला असं परंपरा सांगते. मुलूख इतका उजाड झाला की पुढे १४२९ मध्ये बहामनी सरकारनं मलिक-उत्-तुज्जारबरोबर दादो नरसो काळे यांना देश वसवायला पाठवलं. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनं हे नोंदवून ठेवलंय. तोवर गावांच्या शिवा कुणाला आठवत नव्हत्या. मग त्यांनी नव्या हद्दी मोठ्या आखल्या, दोन-दोन तीन-तीन गावं मिळून एक केलं. जो कसेल त्याला जमीन. पहिल्या वर्षी सारा माफ, दुसऱ्या वर्षी बिघ्याला एक तोबरा धान्य. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधतात ती चंदीची पिशवी.

आज एका गावाच्या शिवारात दोन-दोन पांढऱ्या सापडतात त्याचं एक कारण यात असू शकतं. तुमच्या पांढरीचं नाव तरी राहिलं. जी अशी दुसऱ्यात मिसळली त्यांचं तेही नाही.

आणि धाग्याच्या नावाबद्दल. 'ओसाड गावची पाटीलकी' आपण पोकळ अधिकाराला म्हणतो. पण जुन्या काळी ती अगदीच पोकळ नव्हती. ओसाड गाव जो पुढे होऊन वसवेल त्याला त्या गावची पाटीलकी वतन म्हणून मिळे. वारस न उरलेल्या कुळाची जमीन 'गतकूळ' म्हणून नोंदत आणि ती नव्या माणसाला देत. जुन्या मिरासदाराचा, म्हणजे वंशपरंपरेनं जमिनीचा हक्क असलेल्याचा, वंशज पुढे उगवला तर मग तंटा. अशा तंट्यांचे महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, वाचताना गाव उठल्याची हकीकत हमखास मिळते, कारण प्रत्येक वादी आपलं घराणं कधी आणि का परागंदा झालं तिथूनच सुरुवात करतो. तुमच्या मौजेच्या नावाचा एखादा महजर पेशवे दप्तरात पडलेला असेल. पुण्याच्या पुराभिलेखागारात एकदा जाऊन पाहाच.

पुण्याचंच घ्या. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं कसबा जाळला, गाढवाचा नांगर फिरवला, पहार रोवली. इथे कुणी वसू नये असा तो धाक होता. पुढे जिजाऊसाहेब आणि बाल शिवाजी राजे आले, दादाजी कोंडदेवांनी कौल देऊन माणसं आणली. सोन्याचा नांगर धरल्याची आठवण त्या काळाची. नांगर खरंच सोन्याचा होता की नुसता फाळाला मुलामा होता यात मला रस नाही. 'आता भ्यायचं कारण नाही' हे सगळ्यांना दिसेल अशा जागी कुणीतरी करून दाखवावं लागलं, ते मला मोठं वाटतं.


घोडकाठ:

श्रीगोंदा म्हणालात म्हणून लिहायचा मोह आवरला नाही. आम्ही घोड नदीच्या काठचे, आणि आमच्याकडची बेचिराख वस्ती पार ताम्रपाषाण युगातली आहे. इनामगाव, तालुका शिरूर.

डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी. इ.स.पू. १६०० च्या आसपास वस्ती सुरू झाली आणि ७०० च्या आसपास संपली. म्हणजे एकाच जागी नऊशे वर्षं! आज जी गावं आपण 'जुनी' म्हणतो त्यातली किती सलग नऊशे वर्षं एका जागी आहेत?

आता रानजाईताईंच्या प्रश्नाच्या अंगानं बघा. तिथे भरभराटीच्या काळात, म्हणजे आधीच्या जोर्वे (दख्खनच्या ताम्रपाषाण संस्कृतीचं नाव) काळात, चौकोनी मोठी घरं आहेत. पाच खोल्यांचं एक घर आहे, त्याला लागूनच धान्याचं कोठार. ते प्रमुखाचं असावं असं उत्खनकांनी मानलंय. नदीचं पाणी वळवायला पाट आणि बांध घातलेला. इ.स.पू. १००० च्या पुढे चित्र पालटतं. मोठी घरं जाऊन गोल, लहान झोपड्या येतात. शेती घटते, शिकार आणि शेळ्या-मेंढ्या वाढतात. ढवळीकरांनी याचं कारण हवामान कोरडं होत गेलं असं मांडलं. आणि हे तीनशे वर्षं चाललं! गोदावरी-प्रवरेकडच्या बहुतेक जोर्वे वस्त्या आधीच उठल्या होत्या, भीमेच्या खोऱ्यातली ही माणसं मात्र नेट धरून राहिली.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ही माणसं मेलेल्या माणसाला घरातच, जमिनीखाली पुरत. लहान मुलाला दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून त्यात. आणि मोठ्या माणसाचे पाय घोट्याच्या वर तोडून पुरत. त्यानं उठून चालत जाऊ नये, घरातच राहावं म्हणून तसं करत असतील असा एक अर्थ लावतात. आपल्या मेलेल्यांनाही घर सोडू न देणारी माणसं ती. त्यांना शेवटी सगळ्यांना तिथेच ठेवून निघावं लागलं.


तापीतीर:

खानदेशचं सांगतो. आमच्याकडे 'उजाड' म्हटलं की १८०३ च्या दुष्काळाचा आणि होळकरशाहीच्या धामधुमीचा काळ. १८१८ ला इंग्रज आले तेव्हा खानदेशातली कितीतरी गावं ओस होती, सुपीक काळ्या रानात झाडी माजली होती, वाघ फिरत होते. पहिला अधिकारी ब्रिग्ज. पुढे १८२५ ला औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, ती गावांत पुन्हा वस्ती टिकावी म्हणूनच. भिल्लांकडून हे सगळं कसं दिसलं असेल हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. गावं मोकळी पडली तेव्हा ती जमीन, ते रान त्यांच्या वावराचं झालं होतं, आणि गावं परत वसली तेव्हा त्यांना पुन्हा डोंगरात सरकावं लागलं.

तुमच्या 'गाठी'च्या मुद्द्यात एक भर. आमच्याकडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत आहे. नदीला दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, आणि दरवर्षी पाटाचा गाळ काढायला घरटी माणूस. आता विचार करा, या गावातली निम्मी घरं गेली. उरलेल्यांनी निम्म्या माणसांत पूर्ण पाट कसा काढायचा? एक वर्ष गाळ राहिला, दुसऱ्या वर्षी पाणी शेवटच्या फडाला पोचलं नाही, तिसऱ्या वर्षी पुरात बंधाऱ्याला भगदाड. मग जे चिवटपणे राहिले होते तेही गेले. पेंढारी कधीच निघून गेलेले असतात, गाव त्यांच्यानंतर तीन वर्षांनी मरतं. आणि पुढे म्हातारी माणसं सांगताना 'पेंढाऱ्यांनी उठवलं' असंच सांगतात.


वेशीबाहेर:

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण इथे सगळेच 'गाव' असं बोलताहेत की जणू गाव म्हणजे एकच घर होतं. तसं नव्हतं.

कोण आधी गेलं ते पाहा. उपरी आधी गेला, त्याची जमिनीवर मिरास नव्हती. मिरासदार शेवटी गेला आणि परत यायचा हक्क राखून गेला. महजरात त्याचीच हकीकत मिळते ती यामुळे. बलुतेदार गेला तर त्याला नव्या गावात बलुतं मिळेल याची खात्री नाही. आणि आमच्या आजे-पणजोबांसारखे महार वतनदार? शिवेची साक्ष त्यांची, सरकारी टपाल वाहायचं काम त्यांचं, आल्या-गेल्या अंमलदाराची सरबराई त्यांची. गाव अर्धं उठलं तरी ही कामं चुकत नव्हती. ते वतन कायद्यानं संपायला १९५८ उजाडलं. मोडीवाचकांनी लिहिलंय की शिवा कुणाला आठवत नव्हत्या. शिवा ज्यांना माहीत असायच्या ती माणसं तेव्हा कुठे होती, हा प्रश्न कुणी विचारला?

दुसरं, गाव सुटणं सगळ्यांसाठी दुःख नव्हतं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याबद्दल काय म्हटलं ते सर्वांना माहीत आहे. त्यांना खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं वाटत होतं. ते पुस्तकी मत नव्हतं. माझे आजोबा गिरणीत लागले आणि परत गेले नाहीत. कुणी कौल पाठवला असता तरी गेले नसते. मुंबईत नळावर रांगेत उभं राहता येतं, एवढं त्यांना पुरेसं होतं.


रानजाई:

वेशीबाहेर, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. 'परत का आली नाहीत' असं मी लिहिलं तेव्हा परत येणं हे चांगलंच, हे मी गृहीत धरलं होतं. ते चूक होतं. परत न येणाऱ्यांत न जमलेले जसे होते तसे न येण्याचं ठरवलेलेही होते, आणि ते ठरवणंही गाव न बसण्याचं एक कारण आहे. आमच्या पांढरीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या पलीकडे, खापरांचा एक छोटा वेगळा पट्टा आहे. ते काय असावं याचा मी आजवर विचारच केला नव्हता. आता करते आहे.

तापीतीर, 'गाव तीन वर्षांनी मरतं' हे अगदी पटलं. याची उलटी बाजू मला १९७२ च्या दुष्काळात दिसते. पाऊस सलग गेला, विहिरी कोरड्या, जनावरं छावण्यांत. १८७६ च्या मोठ्या दुष्काळासारखाच प्रसंग. पण १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडली, पाझर तलाव खणले, रस्ते केले. आई सांगते, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या, पण संध्याकाळी घरी यायचो. काम गावाजवळ होतं म्हणून घरातला दिवा लागत राहिला. पुढचा रोजगार हमीचा कायदा त्यातूनच आला. तो दुष्काळ इतका मोठा होता, पण 'बहात्तरला उठलेलं गाव' असं मला तरी आमच्या भागात कुणी दाखवलेलं नाही.


अंत्रूजकार:

गोव्याची एक वेगळीच तऱ्हा. १५६० च्या दशकात पोर्तुगीज अंमलात देवळं पाडायला लागले तेव्हा साष्टीतल्या लोकांनी देव उचलले आणि रातोरात जुवारी ओलांडून अंत्रूजेत आले. अंत्रूज म्हणजे आजचा फोंड्याचा भाग, तेव्हा आदिलशहाकडे. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. गावं ओस पडली नाहीत, बाटलेले का होईना, भाऊबंद मागे राहिले, गावकरी, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी व्यवस्था, चालू राहिली. पण ज्यांनी देव नेला त्यांची परतीची वाट संपली. रानजाईताईंच्या यादीत बैल आहे, बियाणं आहे, लोहार आहे. देवही घाला. तुमच्या पांढरीवर मारुती अजून आहे म्हणता, म्हणजे तुमची माणसं परत यायचं ठरवून गेली असणार, असं मला आपलं वाटतं.

आणि कुर्डी. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणात गेलं. १९८० च्या दशकात पाणी चढलं, तीन हजारांवर माणसं वाडे आणि वाळकिणीला नेऊन वसवली. मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. दर मे महिन्यात पाणी उतरतं आणि गाव वर येतं. घरांचे चौथरे, विहिरी, माडांची खोडं. सोमेश्वराचं देऊळ उभं आहे. त्या काही दिवसांत जुने रहिवासी येतात, उत्सव करतात, ख्रिस्ती लोक आपल्या कपेलाकडे (छोट्या चर्चपाशी) फेस्त, म्हणजे सण, करतात. मी दोनदा गेलोय. एक बाई भेगाळलेल्या चिखलातल्या चौथऱ्यावर चढून आपल्या सुनेला दाखवत होती, "ही चूल, हांगा माजर न्हिदतालें" (इथे मांजर झोपायचं). पावसाला सुरुवात झाली की पुन्हा अकरा महिने पाणी.


शिवसागरकाठ:

कुर्डी वाचून राहवलं नाही. आमचं गाव कोयनेत. शंभराच्या आसपास गावं गेली त्यातलं एक. धरण वीज देतंय, राज्य त्यावर उभं राहिलं, ते मी नाकारत नाही. पण तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो आला १९७६ ला. मुळशीचा सत्याग्रह १९२१ ला झाला, सेनापती बापट त्यातच 'सेनापती' झाले, तरीही कायद्याला पुढे पन्नासहून जास्त वर्षं लागली. मधल्या काळात गेले ते तसेच गेले.

आमची भावकी तीन जिल्ह्यांत वाटली गेली. आजीला जी जमीन दाखवली ती माळरानाची, पाण्याविना. डोंगरात नाचणी-वरीवर जगलेल्या बाईला तिथे काय पिकवायचं ते कळेना. कागदासाठी आजोबा एका कार्यालयात वर्षानुवर्षं खेटे घालत होते. त्या कार्यालयाचं नाव नको, माणसंही बदलली असतील.

जे पाण्याच्या वर राहिले त्यांची कथा निराळी. कांदाटी खोऱ्यातली गावं बुडाली नाहीत, पण खालचा रस्ता बुडाला, बाजाराचं गाव बुडालं, सोईरीकीची गावं बुडाली. तापोळ्याहून लाँचनं जायचं. तरणे मुंबईला माथाडीत. घरं आहेत, कुलपं आहेत, गणपतीला आणि यात्रेला उघडतात. रानजाईताई, अशा गावाला बेचिराख म्हणायचं का? दिवा लागतो, पण वर्षातून पंधरा दिवस.


माळवद:

किल्लारीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याच्या छपराची, माती, त्याखाली माणसं गेली. आठ हजारांच्या जवळपास. त्यानंतर लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी नेली.

नव्या गावात रस्ते रुंद, घरं सरळ रेषेत. जुन्या गावात गल्ली म्हणजे भावकी, ओट्यावर बसलं की समोरच्या ओट्यावरचं बोलणं ऐकू यायचं. नव्यात हाक पोचत नाही. गाव सुखरूप आहे, मोठं झालंय, मुलं शिकली. माझी आई मात्र दरवर्षी जुन्या गावठाणात जाऊन घराच्या जागेवर दिवा लावते. शिवसागरकाठ यांनी विचारलं म्हणून सांगितलं.

रानजाईताई, एक विचारायचं होतं. माळवदाला जी पांढरी माती लागायची ती आमच्याकडे जुन्या उजाड पांढरीतूनच आणत. पाणी धरत नाही म्हणून. तुमच्या पांढरीची माती कुणी नेतं का?


रानजाई:

नेतात हो. म्हणूनच खरं तर हा धागा काढला, पण सुरुवातीला लिहायला धीर झाला नाही. राख, शेण, घरांच्या भिंती, सगळं शेकडो वर्षं मुरलेलं असल्यामुळे ती माती रानाला खतासारखी लागते. पूर्वी दोन-चार गाड्या जायच्या. गेल्या उन्हाळ्यात जेसीबी लागला आणि ट्रॉल्या भरून गेल्या. उत्तरेची बाजू आता उभी कापल्यासारखी दिसते. त्या कापात राखेचे थर दिसतात, एकावर एक, मी सात मोजले. मधे एक अख्खा रांजण आडवा होता, तो पुढच्या खेपेला गेले तेव्हा नव्हता. नेणाऱ्यांत आमच्या मामांचा ट्रॅक्टरही होता.


घोडकाठ:

ताई, तो काप दिसतोय तोवर फोटो काढा. शेजारी मीटरपट्टी उभी धरून, प्रत्येक थराचा वेगळा. खापरं उचलू नका, आहेत तिथेच त्यांचे फोटो घ्या. जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर नोंदवा. मग राज्याच्या पुरातत्त्व खात्याला आणि डेक्कन कॉलेजला पत्र लिहा. ओढ्यापलीकडचा तो छोटा पट्टा विसरू नका, तोच बहुधा कुणी नोंदवलेला नसेल. मदत हवी असेल तर मी रविवारी येऊ शकतो, आमच्याकडून फार लांब नाही.


वेशीबाहेर:

मीही येईन. ओढ्यापलीकडचा पट्टा मला बघायचाय.


रानजाई:

काल मामांशी बोलले. आधी चिडले. म्हणाले, सगळं गाव नेतंय, आपण एकट्यानं थांबून काय होणार. मग त्यांना इनामगावच्या पाय तोडून पुरलेल्या माणसांचं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, मारुतीच्या बाजूची या वर्षी नाही उचलायची, उरलेल्यांशी मी बोलतो. आजीनं ठेवायला लावलेली जात्याची तळी मारुतीच्या चौथऱ्याला टेकवून ठेवली आहे म्हणाले, चाळीस वर्षं झाली तरी कुणी नेली नाही.

घोडकाठ, वेशीबाहेर, रविवारी सकाळी आठला या. एस्टी स्टँडवर मामा गाडी घेऊन येतील. पाणी बरोबर आणा, तिथली बारव खरंच कोरडी आहे.